त्रिफोनच्या नावाचा टॉवेल

झिनोविया कोझुहारी हिच्या हातांबद्दल आमच्या होर्देश्ती गावात दोन मतं होऊन गेली. एक चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यापर्यंत होतं, दुसरं त्यानंतर. हात तेच होते.

पहिलं मत असं होतं, की एवढे स्वच्छ हात आख्ख्या तालुक्यात नाहीत. लग्न असो, बारसं असो, मयत असो, कोलाच मळायचे म्हटलं की बोलावणं झिनोवियाला जायचं. कोलाच म्हणजे वेणी घालून भाजलेला गोल पाव. तो नवरीच्या डोक्यावर मोडतात आणि मेलेल्याच्या नावानं वाटतात, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या हातचा चालत नाही. झिनोविया यायची, बाह्या कोपरापर्यंत सारायची, तपकिरी साबणानं हात धुवायची, नखं पाहायची, परत धुवायची. बायका तोवर ताटकळत बसायच्या. कुणी म्हणायचं, "अगं, कणीक मळायचीय, शस्त्रक्रिया नाही करायची." ती तिसऱ्यांदा धुवायची.

ही सवय तिला प्रयोगशाळेनं लावली होती. आमच्या सामूहिक शेताच्या सफरचंदाच्या बागा नदीपर्यंत पसरलेल्या होत्या, आणि सफरचंदाला जी अळी लागते ती सगळ्यांना ठाऊक आहे. सफरचंद अर्धं खाल्ल्यावर जिची ओळख होते ती. पतंग पानावर अंडं घालतो, अळी फळात शिरते, बी खाते आणि मागे भुसा टाकून निघून जाते. फवारणीला ती जुमानेनाशी झाली, तेव्हा राजधानीतून हुकूम आला की आता अळीला औषध नको, आजार द्यायचा. या अळीला एक विषाणू होतो. तो माणसाला होत नाही, मधमाशीला होत नाही, दुसऱ्या कुठल्या अळीलाही सहसा होत नाही. पण विषाणू वाढवायचा तर जिवंत अळीत वाढवावा लागतो. म्हणून ज्या किड्याचा नायनाट करायचा, त्याचीच पैदास करण्यासाठी सरकारनं आमच्या गावात इमारत बांधली. तिच्या एका टोकाला दोन खोल्या उरल्या, त्या वाचनालयाला मिळाल्या. मी तिथला ग्रंथपाल.

आमच्यात एक भिंत आणि एक भट्टी सामाईक होती. अळ्यांना बारा महिने उबारा लागायचा, त्यामुळे पुस्तकांनाही मिळायचा. हिवाळ्यात माझ्याकडं वाचक वाढत. ते साहित्याच्या ओढीनं वाढतात, असं मी दरवर्षी अहवालात लिहीत असे.

प्रयोगशाळेत एक बोळ होता. बोळाच्या डावीकडं निरोगी खोली, उजवीकडं आजारी खोली. डावीकडं झिनोविया. मक्याचं पीठ, यीस्ट आणि कसलासा चिकट पदार्थ शिजवून ती ट्रेच्या खान्यांमध्ये ओतायची. वास थेट मामालिगाचा. म्हणजे अळ्याही आम्ही खातो तेच मक्याचं खायच्या, फक्त वेळेवर. प्रत्येक खान्यात एकच अळी, कारण दोन ठेवल्या तर सकाळी एकच असते, आणि ती जाडजूड असते. केसांच्या बारीक कुंचल्यानं ती एकेक पिल्लू उचलायची, दिवसाला दोन हजार. अळी पुरेशी मोठी झाली की खिडकीतून ट्रे बोळात जायचा आणि पलीकडं फेवरोनिया तो उचलायची.

फेवरोनिया मुंतियान उजवीकडची. तिच्या खोलीत अळीला विषाणूचं पाणी घातलेलं जेवण मिळायचं. आठ-दहा दिवसांत अळी पांढुरकी व्हायची, मऊ पडायची आणि चमचा लागला तरी फुटायची. मग फेवरोनिया त्यांना खरवडून मिक्सरमधून काढायची. मिक्सर साधा घरगुती, दुकानातला. गाळलेलं दुधाळ पाणी तपकिरी बाटल्यांत, बाटल्या फ्रिजमध्ये. मेअखेरीस ते पाणी बागांवर फवारायचं, तेही ऊन उतरल्यावर, कारण विषाणूला ऊन सोसत नाही. आमच्या आज्ज्या म्हणायच्या, पूर्वी संत त्रिफोनच्या दिवशी पाद्री बागेत मंतरलेलं पाणी शिंपडायचा, आता सरकार शिंपडतं. दोन्ही पाण्यांत डोळ्यांना काही दिसत नाही. फरक इतकाच, की सरकारच्या पाण्यानं अळ्या मरायच्या.

नियम एकच होता. डावीकडून उजवीकडं सगळं जाईल, उजवीकडून डावीकडं काहीही येणार नाही. माणूस नाही, चमचा नाही, कागद नाही. सकाळच्या चहालासुद्धा दोघी एका बाकावर बसत नसत; बोळाच्या दोन टोकांना उभ्या राहून बोलत. चौदा वर्षं त्या अशाच बोलल्या आणि गावातली सगळ्यात घट्ट मैत्री त्यांची होती. गावात असंही म्हणत, की बायकांमध्ये एवढं अंतर ठेवलं तर सगळ्यांचीच टिकेल.

निरोगी खोलीत चौदा वर्षांत एकदाही आजार शिरला नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या प्रयोगशाळा दर दोन-तीन वर्षांनी साफ बसायच्या आणि पतंगांची अंडी मागायला आमच्याकडं यायच्या. प्रमुख अनातोल इलारियोनोविच पाहुण्यांना निरोगी खोलीच्या काचेपाशी न्यायचे आणि आत बोट दाखवून म्हणायचे, "आमचं सगळ्यात महागडं उपकरण." आत झिनोविया पाठमोरी बसलेली असायची.

फेवरोनियाला एकच मुलगा होता. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, संत त्रिफोनच्या दिवशी जन्मला म्हणून नाव त्रिफोन. ब्याऐंशी साली तो सैन्यात असताना अफगाणिस्तानातून जस्ताच्या पेटीतून परत आला. पेटी उघडायची नाही, असं सोबत आलेल्या अधिकाऱ्यानं बजावलं. दगडावर कुठं मेला ते कोरायचं नाही, हेही बजावलं. फेवरोनियानं पेटी उघडली नाही आणि दगडावर नाव आणि दोन तारखा कोरल्या. मग ती कामावर आली, कारण अळ्या थांबत नाहीत.

आता ब्लाझिनीबद्दल थोडं सांगावं लागेल. ईस्टरनंतर आठवड्यानं येणाऱ्या सोमवारी आम्ही सगळे दफनभूमीत जातो, आपापल्या माणसाच्या कबरीवर कापड अंथरतो, वाइन, कोलाच, रंगवलेली अंडी मांडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मेलेल्याच्या नावानं काहीतरी देतो. याला पोमाना म्हणतात. बहुतेक टॉवेल देतात आणि पेला देतात. इथं जिवंत माणसानं वापरलं की तिकडं मेलेल्याला पोचतं, अशी समजूत. म्हणून पोमाना नाकारायची नाही आणि पेटीत टाकून ठेवायची नाही. वापरायची, आणि लवकर वापरायची. घेणाऱ्यानं "बोगदाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे देव त्यांना क्षमा करो. त्या काळी हा दिवस सरकारच्या लेखी नव्हताच. सोमवार कामाचा. सगळे कामावर हजर असत आणि सगळे दफनभूमीत असत, आणि ही दोन विधानं एकाच हजेरीपटात सुखानं नांदत.

चौऱ्याऐंशी साली तो सोमवार नेमका एक मेच्या आदल्या दिवशी आला. त्याआधी तीन आठवडे दुकानात टॉवेल आले होते. टॉवेल येणं ही तेव्हा बातमी होती. फेवरोनिया एप्रनवरच धावत गेली आणि सहा टॉवेल घेऊन आली. पांढरे, निळ्या काठाचे, कोपऱ्याला कागदी चिठ्ठी. दुपारच्या सुट्टीत ती प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्रिफोनच्या नावाचं पहिलं अक्षर भरायची. सहा टॉवेल, सहा अक्षरं. तीन आठवडे पुरले.

सोमवारी तिनं त्यातला एक झिनोवियाला दिला. मुलाच्या नावानं पहिला टॉवेल मैत्रिणीला, यात नवल काय. झिनोविया "बोगदाप्रोस्ते" म्हणाली, तिनंही आपल्या नवऱ्याच्या नावानं वाइन फिरवली. अनातोल इलारियोनोविच काळा चष्मा लावून आले होते, म्हणजे ते आलेले नव्हते. त्यांनी तिच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

मंगळवार-बुधवार सुट्टी. गुरुवारी झिनोविया कामावर आली तेव्हा निरोगी खोलीत हात पुसायला फडकं नव्हतं. मागणी जानेवारीत गेली होती, उत्तर यायचं होतं. घरून आणलेली प्रत्येक वस्तू ती उकळून मगच आत न्यायची. हा टॉवेल मात्र नवा होता. चिठ्ठीसुद्धा तशीच होती. नवा कोरा टॉवेल काय उकळायचा? आणि पोरगं तिकडं दोन वर्षं ओल्या हातांनी बसलं असेल, असंही तिला वाटलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. तिनं चिठ्ठी काढली, हात धुतले आणि पुसले.

आठव्या दिवशी अळ्या पांढऱ्या पडायला लागल्या.

एकाच इमारतीत तेच मरण बोळाच्या उजवीकडं झालं तर बक्षीस मिळायचं आणि डावीकडं झालं तर चौकशी बसायची. लहान लहान पिल्लं खान्यांतच विरघळली. त्यांच्या एवढ्याशा देहांतून बाटलीभरही पाणी निघेना. कोश झाले नाहीत, पतंग निघाले नाहीत, अंडी आली नाहीत. सोळा दिवसांत खोली रिकामी झाली. झिनोवियानं शेवटचे चार दिवस घरी न जाता एकेक खाना तपासला. ती वाचलेली अळी शोधत होती. एकही सापडली नाही.

जिल्ह्याहून तिघं आले. एक विचारायला, एक लिहायला, तिसरा जेवायला. त्यांनी भिंती पाहिल्या, पाणी पाहिलं, झिनोवियाला विचारलं की काही बाहेरून आत आलं का. ती नाही म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी टॉवेल दुकानातून आला होता आणि आजार दुकानात मिळत नाही. फेवरोनियाला विचारलं, उजवीकडून काही डावीकडं गेलं का. तीही नाही म्हणाली.

निष्कर्ष टंकलेला होता आणि तो फलकावर महिनाभर लागला. फलक वाचनालयाच्या दाराशेजारी, म्हणजे गावात ज्याला म्हणून वाचता येतं त्यानं तो वाचला. कारण म्हणून एकच ओळ होती: कामगार कोझुहारी हिच्या हातांची अपुरी स्वच्छता.

विषाणू म्हणजे काय हे गावाला चौदा वर्षांत कळलं नव्हतं. ही ओळ मात्र पहिल्या दिवशी कळली.

त्या वर्षी बागांवर विमानानं औषध मारलं. मधमाश्या पोळ्यांच्या दाराशी पसाभर पसाभर मरून पडल्या. सफरचंदात अळी निघाली ती निघालीच. झिनोवियाची बदली फळं निवडायच्या शेडमध्ये झाली. काम सोपं होतं. पट्ट्यावरून सफरचंदं यायची, त्यातली किडकी वेगळी काढायची. सरकारला उपरोध कळत नाही असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही.

डावीकडची खोली धुऊन, चुना मारून, दुसऱ्या जिल्ह्यातून अंडी आणून पुन्हा चालू झाली. तिथं फेवरोनियाला बसवलं. अनुभवी कामगार तीच उरली होती.

सप्टेंबरात सरपंचाच्या पुतणीचं लग्न निघालं. झिनोवियानं आदल्या संध्याकाळी एप्रनला इस्त्री करून ठेवली. कुणी बोलवायला आलं नाही. सकाळी तिनं कुंपणावरून पाहिलं, फेवरोनिया बाह्या सारत त्या घरात शिरत होती. त्यानंतर गावात शेकडो कोलाच झाले. एकही झिनोवियाच्या हातचा नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडं कुणी तोंडावर बोलत नाही. बोलावत नाहीत, एवढंच.

तो हिवाळा तिनं माझ्याकडं काढला. नोव्हेंबरात आली आणि म्हणाली, किड्यांच्या आजारांवर एखादं पुस्तक आहे का. तोपर्यंत तिनं वाचनालयातून फक्त दिनदर्शिका नेली होती. मी राजधानीहून रशियन भाषेतला एक चारशे पानी ग्रंथ मागवला. ती सातवी शिकलेली. शेडमधून सुटली की यायची, सामाईक भिंतीला पाठ लावून बसायची आणि ओळीवर बोट ठेवून वाचायची. रोज दीड पान. मध्येच विचारायची, "निष्क्रिय होणे म्हणजे मरणं का?" मी म्हणालो, जवळजवळ. "जवळजवळ म्हणजे?" तिला नेमकं त्या जवळजवळचंच पडलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती त्या पानावर पोचली. मी कार्डं लावत होतो. तिनं एक वाक्य मोठ्यानं वाचलं: विषाणू कोरड्या कापडावर, अंधाऱ्या जागी, वर्षानुवर्षं टिकू शकतो, थेट उन्हात तो दोन-चार दिवसांत निकामी होतो. मग तिनं ते परत मनात वाचलं. बोट ओळीवर तसंच.

"आजारी खोलीला खिडकी नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, बरं मग?

"फेवरोनिया दुपारी डबा कुठं खायची? तिथंच. अक्षर कुठं भरलं असेल?"

मग तिनं मला टॉवेलचं सगळं सांगितलं. पुस्तक मिटलं, खूण न घालता.

तिथून ती थेट फेवरोनियाच्या फाटकाशी गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला एकदाच सांगितलं, आणि फेवरोनियानं ते कधी नाकारलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. झिनोवियानं विचारलं, "टॉवेल कुठं ठेवले होतेस?"

"कुठले?"

"त्रिफोनचे."

फेवरोनिया म्हणे कोंबड्यांकडं वळली. "टेबलावर. मिक्सरशेजारी. घरी नेले असते तर ह्यांनी विकून दारू प्यायली असती."

"तुला कधी कळलं?"

"अळ्या पांढऱ्या पडल्या त्या दिवशी."

"आणि तू नाही म्हणालीस."

"मग काय सांगायचं होतं गं? त्या तिघांना सांगू, माझ्या पोराच्या पोमानेनं खोली मेली? ते लिहिणारे आहेत, झिनोविया. त्यांनी त्याचं नाव लिहिलं असतं. आधीच त्याचं सगळं कुठल्या तरी कागदावर लिहिलंय आणि मला वाचायला दिलेलं नाही." मग ती म्हणाली, "तू उकळायला हवा होतास."

हे शेवटचं वाक्य खरं होतं. त्यामुळेच ते क्षमा करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झिनोविया अनातोल इलारियोनोविचकडं गेली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. भिंत सामाईक होती. ती म्हणाली, मला कारण सापडलंय, माझे हात नव्हते, एक टॉवेल होता. त्यांनी विचारलं, कसला टॉवेल. ती म्हणाली, पोमानेचा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि खण उघडल्याचा.

"मातुशा झिनोविया, हा घ्या कागद," ते म्हणाले. मातुशा म्हणजे मावशी. ते तिच्याहून सातआठ वर्षांनी लहान होते. "लिहा. कामाच्या दिवशी सोमवारी तुम्ही कुठं होतात. तिथं काय घेतलंत, कुणाच्या हातून, कुणाच्या नावानं. आणखी कोण कोण होतं."

"तुम्ही होतात."

"होतो ना. मग माझंही लिहा. तुमच्या हातची वाइन प्यायली म्हणून लिहा. मी वर पाठवतो. तुमची ओळ कागदोपत्री निघेल आणि फलकावर आमची सगळ्यांची लागेल."

"मला कुणाची लावायची नाही. माझी काढायचीय."

"तसा कागद नसतो, मातुशा."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिला भांडता आलं असतं. ती अर्धा तास तिथं बसली. पेन कागदावर टेकल्याचा आवाज भिंतीतून येत नाही, त्यामुळे मला वाटलं लिहितेय. संध्याकाळी अनातोल इलारियोनोविच मला वर्तमानपत्र परत करायला आले तेव्हा तो कागद त्यात चुकून राहिला होता. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती. अक्षर सुरेख. खाली कोरं.

तिनं का लिहिलं नाही, हे मी विचारलं होतं. ती म्हणाली, "दगडावर नाव आहे, टॉवेलवर अक्षर आहे. तिसऱ्या ठिकाणी मी कशाला लिहू?"

त्यानंतर तिनं एकच गोष्ट केली. वसंत ऋतू आल्यावर तो टॉवेल पेटीतून काढला, मोठ्या पातेल्यात उकळला आणि रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातला, लाल अक्षर रस्त्याकडं. वाळल्यावर काढला नाही. मे, जून, जुलै, ऑगस्ट तो तिथंच होता. पाऊस आला की भिजायचा, ऊन आलं की वाळायचा, निळा काठ उडून राखाडी झाला. लोक म्हणाले, बघा, परक्या पोराच्या आत्म्यासाठी किती करते. फेवरोनिया कामावर जायला वरच्या गल्लीनं वळसा घालून जायला लागली. सप्टेंबरात झिनोवियानं टॉवेल काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. पुस्तकात दोन-चार दिवस म्हटलं होतं; तिनं चार महिने दिले. होर्देश्तीत त्याहून स्वच्छ कापड नव्हतं, देवळातलं धरून.

त्याच वर्षी, म्हणजे पंच्याऐंशीच्या ब्लाझिनीला, फेवरोनिया झिनोवियाच्या नवऱ्याच्या कबरीच्या रांगेत आली. हातात नवा टॉवेल, कोलाच, पेला. कोपऱ्यात लाल अक्षर. झिनोविया उभी राहिली, टॉवेल घेतला. नाकारता येत नाही. "बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडं पाहत राहिल्या. मी शेजारच्या रांगेत अंडं सोलत होतो. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. राज्य गेलं, नवं आलं, ब्लाझिनीला सुट्टी मिळाली, पाद्री लाउडस्पीकर घेऊन यायला लागला. टॉवेल येत राहिला. झिनोवियानं त्यातला एकही वापरला नाही. म्हणजे झिनोवियाच्या हातून तिकडं त्रिफोनला दुसरा टॉवेल कधी पोचलाच नाही, आणि हे दोघींनाही माहीत होतं. देत राहण्याचा हट्ट एकीचा, पोचू न देण्याचा दुसरीचा. मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत. एवढं दीर्घ भांडण एवढ्या कमी शब्दांत कुठं वाचल्याचं आठवत नाही.

प्रयोगशाळा नव्वदनंतर तीनचार वर्षांत बंद पडली. भट्टी आधी विझली, अळ्या त्याच आठवड्यात मेल्या, या वेळी कुणाच्या हातांमुळं नाही. फेवरोनियाला निरोपाच्या वेळी निष्कलंक सेवेचं प्रमाणपत्र मिळालं. माझ्या वाचकांची साहित्याची ओढ त्याच हिवाळ्यात ओसरली. पुढं तिथं शेतीच्या औषधांचं दुकान निघालं. एकदा झिनोविया टोमॅटोचं बी घ्यायला गेली तर दर्शनी काचेत तीच वस्तू मांडलेली: सफरचंदाच्या अळीचा विषाणू, परदेशी बाटली, चकचकीत चित्र. भाव असा की गावात कुणी हात लावेना. तिनं बाटलीच्या मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं आणि दुकानदाराला म्हणाली, "हे उन्हात ठेवलंयस. मेलंय हे."

दुकानदार हसला. "मातुशा, मारायचंच औषध आहे ते."

"तेच मेलंय म्हणते मी."

त्यानं बाटली हलवली नाही. तिनं बी घेतलं आणि निघाली.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये ती गेली. मुलगी दोम्निका इटलीत पादोव्हाला कुणा म्हातारीची सेवा करत होती. ती बसनं दोन दिवसांत पोचली. झिनोवियानं माझ्याकडं एक पाकीट ठेवलं होतं. आत एक यादी होती. अक्षर तेच सुरेख. पेटीत सत्तावीस टॉवेल आहेत, ते माझ्या पोमानेला वाटावेत, नवे विकत आणू नयेत. कुणाला द्यायचे त्यांची नावं. शेवटी: राखाडी काठाचा फेवरोनियाला, तू स्वतः दे, काही बोलू नको.

कोलाच अर्थातच फेवरोनियानं मळले होते. गावात दुसरं कुणाला बोलावणार?

दफन झाल्यावर कबरीशीच वाटप झालं. मी नावं वाचत गेलो, दोम्निका देत गेली. सव्वीस माणसं सव्वीस टॉवेल घेऊन उभी, सगळे कोरे करकरीत, काहींना अजून चिठ्ठ्या, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तेच लाल अक्षर. लोक आधी आपला पाहत, मग शेजाऱ्याचा. कुजबुज झाली. झिनोवियाच्या नावात ते अक्षर नव्हतं. फेवरोनिया सत्त्याहत्तरीकडं झुकलेली, काठीवर भार देऊन हे सगळं पाहत होती. तिचे टॉवेल, तिचा दोरा, तिचा मुलगा, सव्वीस परक्या हातांत. सत्तावीसावा मी तिच्यासमोर धरला.

तिनं तो ओळखला. काठ उडाला होता, कापड मऊ पडलं होतं, दोरा तेवढा लाल राहिला होता. तिनं घेतला. ओठ हलले, "बोगदाप्रोस्ते" म्हणाली असावी. तिनं घडी उलटी केली, अक्षर आत गेलं.

दफनभूमीतून परतल्यावर घरात शिरण्याआधी फाटकाशी हात धुवायचे असतात. दोम्निका तांब्यानं पाणी घालत होती. लोक हात धुवत होते आणि नुकत्याच मिळालेल्या टॉवेलांना पुसत होते. छान ऊन पडलं होतं, आणि सव्वीस जागी त्रिफोनला एकदम टॉवेल पोचत होते. फेवरोनियाची पाळी आली. तिनं काठी कुंपणाला टेकली, टॉवेल काखेत धरला, हात पुढं केले. साबण लावला. नखं पाहिली. परत धुतले.

"टॉवेल आहे ना तुमच्याकडं, मातुशा," दोम्निका म्हणाली. "पुसा की त्याला."

फेवरोनियानं काखेतला टॉवेल आणखी घट्ट दाबला. हात झटकले, दोनदा, आणि घागऱ्याला पुसले.

मग आत गेली आणि त्याच हातांनी कोलाच मोडून वाटायला लागली. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.